एकच रबर आखातात आणि कॅनडात चालवू नका

तुम्ही लिहिलंय की पीथमपूरच्या कारखान्यातून वायपरची एकाच कंपाउंडची (रबर-मिश्रणाची) पट्टी आखातात आणि कॅनडात जाते, सप्लायरचा ओझोन रिपोर्ट (हवेतल्या ओझोन वायूने रबर तडकतं का, त्या चाचणीचा) ‘पास’ आहे, तरी आखातातला माल तडकून परत येतोय. याच दुखण्यात आमचे दोन लॉट गेले, म्हणून सविस्तर लिहितो. हार्डनेस, लांबी, आर्मचा दाब तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडतो.

आधी रिपोर्टवर नमुन्याला ताण किती दिला होता ते शोधा. ताण नसेल तर ओझोनने रबराला तडे जात नाहीत. ताण असला की वरचा थर तुटून उघडतो, आतलं ताजं रबर ओझोनला सापडतं आणि तडा खोल जातो. आमच्या लॅबने पट्टी नुसती टांगून ‘पास’ लिहून दिलं होतं. विचारलं तर तीन आठवडे उत्तर नाही, फी मात्र आगाऊ. चाचणी 20 टक्के ताण, 40 अंश, ओझोन 50 पीपीएचएम (हवेच्या दहा कोटी भागांत 50 भाग), 72 तास अशी लेखी मागा, आणि ती सपाट शीटवर नको, तुमच्याच पट्टीवर करून घ्या.

परत आलेली पट्टी पेन्सिलीवर वाकवून भिंगाखाली धरा. ताणाला आडवे, एकमेकांना समांतर बारीक तडे दिसले तर ओझोन. लिप, म्हणजे काचेला टेकणारी पातळ कड, एकाच बाजूला झुकून राहिली असेल तर उन्हात उभ्या गाडीतला सेट, म्हणजे कायमचा बसलेला वाक. कड घासून गोल झाली असेल तर वाळू.

सप्लायर म्हणेल, रबरातलं मेण वाढवतो, ते वर येऊन ओझोन अडवतं. ऐकू नका. मेणाचा थर उभ्या गाडीच्या टायरच्या कडेच्या भिंतीवर कामाचा. वायपर तो पहिल्याच फेऱ्यांत पुसून काढतो आणि काचेवर धुरकट पट्टा उमटतो.

नैसर्गिक रबर काच सुरेख पुसतं, थंडीतही लवचिक राहतं, क्लोरिनेशनने, म्हणजे पृष्ठभागाला क्लोरीन लावून, घर्षणही उतरतं. पण क्लोरीन रबराच्या रेणूंतल्या ज्या दुहेरी बंधांना धरतो, तेच ओझोन खातो. ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या रेणूच्या मुख्य साखळीत ते बंध नसतात, म्हणून ते उन्हात टिकतं. त्याच कारणाने क्लोरिनेशनही त्याला नीट लागत नाही, वेगळं कोटिंग लागतं, नाहीतर कोरड्या काचेवर थडथडतं. क्लोरोप्रीन हे दुसरं कृत्रिम रबर ओझोनला बरं, पण कडाक्याच्या थंडीत ताठरतं. सिलिकॉन दोन्ही टोकांना चालतं, मात्र महाग, आणि वाळूत कड लवकर फाटते.

माझं मत: आखाताला कोटिंग केलेलं ईपीडीएम, कॅनडाला नैसर्गिक रबर आणि पट्टी धरणाऱ्या फ्रेमवर बर्फ साचू नये म्हणून रबरी आवरण. इंदूर-ग्वाल्हेरला नैसर्गिक आणि क्लोरोप्रीनचं मिश्रण पुरतं, पण दर पावसाळ्याआधी बदलायचं. मी केमिस्ट नाही, काम साचे आणि तपासणीचं. तुमच्या मिश्रणाचं प्रमाण केमिस्टलाच ठरवू द्या.

जाता जाता दोन गोष्टी. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात माल ठेवताना लिपवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढू नका, आणि शेजारी वेल्डिंग मशीन नको, त्याच्या आर्कमुळे ओझोन होतो. आपल्याकडचे ड्रायव्हर रॉकेल किंवा डिझेलने पट्टी पुसतात. ईपीडीएम त्याने फुगतं. पाकिटावर मराठी-हिंदीत ‘फक्त साबणाचं पाणी’ असं छापा.