हक्क शिकवले की पोरं डोक्यावर बसतात का?

"मॅडम, शाळेत हे काय हक्कबिक्क शिकवायला लागलेत, पोरगी कुणाचं ऐकेनाशी झालीय." ही तक्रार घेऊन येणारे पालक हल्ली बरेच भेटतात, म्हणून त्यातली एक केस सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय, मुलीला चिऊ म्हणू.

चिऊ साडेचार वर्षांची, ज्युनियर केजीत. बालदिनाच्या आठवड्यात टीचरने "माझं शरीर माझं, नको असेल तर नाही म्हणायचं" असं शिकवलं. मग आत्या राहायला आली, तिने पापी मागितली, चिऊ म्हणाली नाही, माझा हक्क आहे. आत्याचं तोंड उतरलं, आजी म्हणाली हे कुठलं परदेशी खूळ. तिथून पुढे दात घासायला नाही, अंघोळीला नाही, तापाच्या औषधालाही नाही, आणि प्रत्येक वेळी तेच वाक्य. आई रडकुंडीला आलेली, आणि तिची खरी भीती वेगळीच होती, लोक म्हणतील आईने लाडावून ठेवलीय.

मी तिला म्हटलं, हे दोन 'नाही' एका टोपलीत टाकू नका. पापीचा नाही तिथल्या तिथे मान्य करायचा, मग समोर आत्या असो की आजोबा. मोठ्यांना वाईट वाटू नये म्हणून नकोसं वाटलं तरी गप्प बसायचं हे आपणच घरी शिकवलं, तर उद्या वाईट हेतूने जवळ येणाऱ्याला तिने नाही म्हणावं ही अपेक्षा कशी करायची? आणि लहान मुलांना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीतलाच निघतो, हे मी पालकांना नेहमी सांगते, ऐकायला कितीही जड गेलं तरी.

दात, औषध हे मात्र वेगळं. युनोची बालहक्क संहिता १९८९ची, आपल्या देशाने ती १९९२ मध्ये स्वीकारली. त्यात कलम १२ म्हणतं की मुलाचं मत ऐकून घ्यायचं आणि त्याचं वय, समज बघून ते विचारात घ्यायचं. म्हणजे ऐकायचं नक्की, पण ती म्हणेल तसंच झालं पाहिजे असं नाही. तब्येत नीट राहणं हाही तिचाच हक्क, आणि मुलाला वाट दाखवायची जबाबदारी आईवडिलांची, हे कलम ५ मध्ये आहे. म्हणून "दात घासायचे का?" असं विचारूच नका, कारण तिथे नाही हे उत्तर तुम्हाला चालणार नाहीये. "आधी दात की आधी वेणी?" असं विचारा. औषध कडू आहे, नको वाटणारच, हे तिला म्हणू द्या, पाणी आधी हवं की नंतर ते तिला ठरवू द्या, पण औषध द्या.

एका सेशनला मी हातात घालायचा बाहुला आणला. चिऊने त्याला घट्ट मिठी मारली, मी बाहुल्याच्या आवाजात म्हटलं, "मला नको." ती थबकली, चिडली, "पण मला हवीय ना!" मी काहीच समजावलं नाही, बाहुला नुसता मागे सरकला. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत बसली आणि मग हात पुढे करून म्हणाली, "मग टाळी?" हक्क दुसऱ्यालाही असतो हे तिने स्वतःहून शोधलं, आणि पुढच्या खेपेला आत्यालाही टाळीच मिळाली, आत्या खूश.

आजीचं ते "परदेशी खूळ" म्हणणं मला मनाला लागलं, कारण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी पाड्यांवर मुलांच्या अंगणात बालवाडी नेली तेव्हा ही संहिता जन्मलीही नव्हती. मुलाला माणूस म्हणून वागवणं आपल्याकडचंच आहे हो.

शाळेचं मात्र बोलायला हवं. चिऊच्या बोलण्यातून कळलं की डबा संपल्याशिवाय खेळायला सोडत नाहीत आणि सू-सू फक्त सुट्टीत. भिंतीवर हक्कांचं चित्र आणि खाली मूल पाय आवळून बसलेलं, हे मला पटत नाही, कारण या वयात मूल चित्रावरून कमी आणि रोजच्या वागणुकीवरून जास्त शिकतं. आईला विचारून मी टीचरशी बोलले. बाई मनापासून काम करणारी, पण वर्ग मोठा आणि मदतीला एकच मावशी. शेवटी दाराशी एक कार्ड अडकवलं, ज्याला जायचंय त्याने ते उचलायचं आणि मावशीकडे जायचं, हात वर करून थांबायचं नाही. डब्याची सक्ती अजून पूर्ण गेली नाहीये, त्यावर बोलणं सुरू आहे.

तुम्ही प्ले ग्रुपला ॲडमिशन घेत असाल तर फी आणि एसीच्या आधी हे विचारा: सू-सूला कधीही जाता येतं का, डबा उरला तर काय करता, मूल रडलं तर त्याच्याजवळ कोण बसतं, कपडे बदलताना त्याला आधी सांगता का. आणि मारहाण किंवा नकोशा स्पर्शाचा संशय आला तर वाट बघू नका, १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर मोफत आहे आणि दिवसरात्र चालू असतो.