गुडघेदुखी आणि पोहणे

प्रश्न : माझे वय ५२ असून गुडघेदुखीमुळे फिरायला जाणे सुटले आहे. मला पोहता येत नाही. या वयात शिकावे का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : अवश्य शिकावे, मात्र दुखण्याचे कारण आधी डॉक्टरांकडून समजून घ्यावे. कमरेएवढ्या पाण्यात शरीराचे साधारण निम्मेच वजन पायांवर येते आणि छातीएवढ्या पाण्यात त्याहूनही कमी, त्यामुळे सांध्यांना हिसका न बसता हृदयाला व स्नायूंना पुरेसा व्यायाम मिळतो. सुरुवातीला पाण्यात नुसते चालावे आणि श्वास पाण्यात सोडण्याचा सराव करावा. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये, म्हणजे पालथे राहून बेडकासारखे पोहताना, पाय मारताना गुडघ्याला पीळ पडतो, म्हणून आपण बॅकस्ट्रोकपासून, म्हणजे उताणे पोहण्यापासून, आरंभ करावा, असे मला वाटते. शिकण्यासाठी प्रशिक्षक व जीवरक्षक असलेला तलावच निवडावा. समुद्र जवळ असला तरी नवशिक्याने तिथे उतरू नये, पावसाळ्यात तर मुळीच नाही.