लेक अमेरिकन आर्मीत चालली, केस कापावे लागतील का? – माझं सविस्तर उत्तर

ताई, आधी मुख्य गोष्ट उरकते: नाही, मुलींचं डोकं भादरत नाहीत.

तुम्ही लिहिलंय की लेकीने हायस्कूल संपताच सही केली, ऑगस्टमध्ये साउथ कॅरोलायनात फोर्ट जॅक्सनला (आर्मीच्या प्रशिक्षण तळावर) हजर व्हायचंय, केस कमरेच्या खाली, ‘हे’ म्हणतात गेल्या गेल्या मशीन फिरवतात, आणि कोल्हापूरला सासूबाईंनी दोन दिवस अन्न गोड लागत नाही म्हणून जाहीर केलंय. मशीन फिरवतात ते मुलांच्या डोक्यावर. पहिल्या दिवसांत गणवेश, लसी, कागदपत्रं या रांगांमध्येच न्हाव्याची रांग असते आणि पोरं पाच मिनिटांत ओळखू येईनाशी होतात. मुलींना त्या रांगेत उभं करत नाहीत. केस किती लांब असावेत याला वरची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती बांधल्यावर कसे दिसतात आणि कुठे पोचतात याला.

मी इथे आर्मी रिझर्व्हमध्ये (राखीव दलात) बरीच वर्षं काढली, मेडिकल युनिटमध्ये. माझेही केस लांब होते, आहेत. त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

नियमांचं पुस्तक म्हणजे एआर ६७०-१. गणवेश, बिल्ले, नखं, दागिने, सगळं त्यात. बायकांच्या केसांचे ढोबळ तीन वर्ग केलेत: टाळूपासून इंचभरापर्यंतचे म्हणजे आखूड, कॉलरच्या खालच्या कडेपर्यंत पोचणारे म्हणजे मध्यम, आणि त्याखाली उतरणारे म्हणजे लांब. पूर्वी लांब केसांना एकच वाट होती, ती म्हणजे अंबाडा. तोही डोक्यापासून साडेतीन इंचांपेक्षा बाहेर आलेला नको आणि डोक्याच्या रुंदीपेक्षा रुंद नको. मे २०२१ मध्ये यात मोठा बदल झाला. एक पोनी, एक वेणी किंवा दोन वेण्या सगळ्या गणवेशांत चालू लागल्या. सावधानमध्ये उभं राहिल्यावर शेपूट खांद्याच्या पात्यांच्या खालच्या टोकापलीकडे जाता कामा नये, एवढी अट. कसरतीत, फील्डवर शेपूट शर्टाच्या आत खोचता येतं. यंत्राजवळ काम असेल, केस अडकायची भीती असेल, तर कमांडर सरळ ‘बांधून टाका’ म्हणू शकतो आणि तिथे पुस्तक दाखवून वाद घालायचा नसतो. प्रशिक्षणात तर ड्रिल सार्जंट, म्हणजे रिक्रूटांना शिकवणारा सार्जंट, जे म्हणेल तेच पुस्तक. तिथे अंबाडाच हवा म्हटलं तर अंबाडा.

आता खरी मेख. नियम केस कापायला सांगत नाही, पण हेल्मेट सांगतं.

रायफल रेंजवर पालथं पडून नेम धरायचा असतो. डोक्यावर हेल्मेट, अंगात चिलखती जाकीट, त्याची कॉलर मानेशी ताठ. मान वर केली की हेल्मेटची मागची कड अंबाड्यावर टेकते, अंबाडा जाकिटाच्या कॉलरवर टेकतो, आणि या ढकलाढकलीत हेल्मेटची पुढची कड घसरून थेट चष्म्यावर येते. ४० लक्ष्यं एकामागून एक उभी राहतात आणि झोपतात, आणि शेजारच्या लेनमधली पोरगी प्रत्येक गोळीआधी डाव्या हाताने हेल्मेट वर सारतेय, हे दृश्य मी किती वेळा पाहिलंय. नेम चुकला की लोक म्हणतात, मुलींना जमत नाही. अहो, तिला दिसतच नाहीये! गंमत म्हणजे अंबाडा डोक्याच्या मागेच हवा हे नियमानेच लादलेलं, आणि हेल्मेट बनवणाऱ्याने डोकं धरलेलं पुरुषाचं. पुढे २०१२ च्या सुमारास बायकांच्या मापाचं चिलखत आलं, त्यात कॉलरला मागे अंबाड्यासाठी जागा ठेवली होती. परिचारिका सोडल्या तर बायका आर्मीत भरती होऊ लागल्या १९४२ मध्ये, आणि खाच आली सत्तर वर्षांनी. असो.

म्हणून लेकीला माझा पहिला सल्ला असा. कमरेखालचे केस खांद्याच्या पात्यांपर्यंत आणावेत, त्याहून आखूड नाही. कमरेपर्यंतच्या दाट केसांचा अंबाडा मुठीएवढा होतो, तो साडेतीन इंचांत बसतही असेल, पण हेल्मेटखाली बसत नाही. उलट बाजूला, ‘सुटसुटीत’ म्हणून पार्लरवाली खांद्यापर्यंत कापून देईल, तेही करू नका. ती सगळ्यात वाईट लांबी. कॉलरखाली उतरतात म्हणून मोकळे चालत नाहीत आणि बांधायला घेतले की मानेवरच्या बटा निसटतात. पिना, जेल, वर जाळी, एवढं करूनही दुपारपर्यंत साळिंदराच्या काट्यांसारखे केस चहूकडे. एकतर नीट लांब, नाहीतर मानेवर चढवलेला बॉबकट. मधलं काही नको.

दुसरं, सराव. आत्तापासून रोज, आरसा न बघता, घड्याळ लावून. तिथे पहाटे दिवा लागल्यापासून खाली रांगेत उभं राहीपर्यंत पलंग आवरणं, तोंड धुणं, बूट आणि केस, सगळं मिनिटांच्या हिशेबात असतं, आणि एका आरशासमोर पाच डोकी. तुम्ही आजवर तिची वेणी घालून देत असाल (मी माझ्या आईकडून लग्नापर्यंत घालून घेतली, लाजू नका) तर ते आज बंद करा. दोन वेण्या घालून त्या मानेवर आडव्या, एकीवर एक, पिनांनी चपट्या बसवायच्या. आपण शाळेत लाल रिबिनी लावून वेण्या वर बांधायचो ना, तसंच, फक्त रिबीन नाही आणि सगळं टाळूला चिकटून. हेल्मेटखाली यासारखं दुसरं काही नाही. साध्या घट्ट वेण्यांवर रात्री झोपलं तर सकाळी नुसत्या गुंडाळून पिना मारायच्या, दोन मिनिटांचं काम.

रबर, पिना आणि जाळी केसांच्या रंगाच्याच हव्यात, म्हणजे तिच्या बाबतीत काळ्या. जाळ्या भरपूर द्या, त्या फाटतात आणि चोरीलाही जातात. रंगीत रबरं, मणी, बो, मोठे क्लिप, लेसचे स्क्रंची नाही म्हणजे नाही.

तिसरं जे कोणी सांगत नाही. ओले केस अंबाड्यात बांधू नका म्हणून आपल्या आया सांगायच्या, त्यात तथ्य आहे. तिथे अंघोळीनंतर केस वाळवायला वेळ मिळत नाही. ओला अंबाडा, वर टोपी, साउथ कॅरोलायनाची ऑगस्टमधली दमट हवा. आतून वास येतो, टाळू खाजते, कोंडा होतो. म्हणून रात्री धुवायचे, टॉवेलने पिळून वेणी घालायची, आणि रोज धुवायचे नाहीत. दुसरा त्रास ओढीचा. चापूनचोपून मागे ओढलेले केस महिनोन्‌महिने तसेच राहिले की कपाळाच्या कडेचे आणि कानशिलावरचे केस झडतात. त्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. वेळीच ढील दिली तर परत येतात, वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर येत नाहीत. आमच्या युनिटमधल्या एका सार्जंटबाईंचं कपाळ बोटभर मागे गेलं होतं आणि त्या ते पेन्सिलने रंगवून येत. डोकेदुखी तर घरोघरी. एअर फोर्सने २०२१ च्या सुरुवातीला वेण्या आणि पोनी मोकळ्या केल्या तेव्हा कारणांत केसांचं नुकसान, अर्धशिशी आणि केस गळणं हेच दिलं होतं. तेव्हा लेकीला सांगा, सुट्टी मिळाली की पहिलं काम केस सोडायचं. खोबरेल तेलाची बाटली पाठवू नका, प्रशिक्षणात सामानातून काढून ठेवतील. ते संपल्यावर हवं तितकं चोपडा.

तुम्ही असंही विचारलंत की या नियमांवर एवढा गदारोळ का होतो, अमेरिकेत तर सगळ्यांना मोकळीक असते. त्याचं उत्तर आपल्या सरळ केसांच्या बायकांना पटकन दिसत नाही. ‘मागे विंचरून नीटस अंबाडा’ ही कल्पनाच सरळ, मऊ केसांवर बेतलेली. कृष्णवर्णीय बायकांचे घट्ट कुरळे केस तसे करायचे तर रसायनांनी सरळ करा किंवा विग घाला. दुसऱ्या महायुद्धात ६८८८ वी पोस्टल बटालियन इंग्लंडात बर्मिंगहॅमला गेली. ८५५ कृष्णवर्णीय स्त्रिया, तुंबलेली टपालाची गोदामं त्यांनी तीन महिन्यांत उपसली. त्यांनी तिथे स्वतःचं केशकर्तनालयही चालवलं, कारण त्यांचे केस करणार कोण?

तरी मार्च २०१४ मध्ये आर्मीने जी सुधारित आवृत्ती काढली तिने ट्विस्ट (दोन बटा एकमेकींत पिळून केलेले पेड) आणि जाड वेण्या बाद ठरवल्या आणि अशा केसरचनांच्या वर्णनात गबाळ्या, जटा झालेल्या अशा अर्थाची विशेषणं वापरली. जॉर्जिया नॅशनल गार्डमधल्या (त्या राज्याच्या राखीव दलातल्या) एका सार्जंट बाईने व्हाइट हाउसकडे अर्ज टाकला, त्यावर हजारोंनी सह्या केल्या, काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकन संसदेतल्या, कृष्णवर्णीय महिला सदस्यांनी संरक्षणमंत्री चक हेगल यांना पत्र लिहिलं. हेगल यांनी तिन्ही दलांना फेरविचार करायला लावला आणि ऑगस्टपर्यंत ती विशेषणं गेली, ट्विस्ट आत आले. जटांसारखे लॉक्स मरीन कोअरने २०१५ च्या अखेरीस, आर्मीने जानेवारी २०१७ मध्ये आणि नेव्हीने २०१८ मध्ये मान्य केले. २०२१ च्या बदलासाठी आर्मीने १७ जणांची समिती बसवली होती, त्यात १५ बायका. बायकांच्या केसांचे नियम ठरवायला बायका बसवायच्या, हे सुचायलाही इतकी वर्षं जावी लागली.

सासूबाईंसाठी. त्या पिढीला बाईचं डोकं भादरणं म्हटलं की काय आठवतं ते मला कळतं. त्यांनी नाही तरी त्यांच्या आजीने सोवळ्यातल्या बायका घरात पाहिलेल्या असणार. त्यांना हसण्यावारी नेऊ नका. २६ जानेवारीच्या संचलनात आपल्या फौजेतल्या मुली पाहिल्यात ना, नीट बांधलेल्या केसांवर टोपी, तसंच इकडेही, असं सांगा. आणि ही पुढची गोष्ट त्यांना सांगू नका: २०२१ मध्ये स्त्री सैनिकाला स्वतःहून गुळगुळीत डोकं ठेवायचीही परवानगी मिळाली. त्याआधी पाव इंचाखाली उतरता येत नसे. २०१५ मध्ये क्रिस्टन ग्रीस्ट आणि शे हेव्हर या दोघी फोर्ट बेनिंगच्या रेंजर स्कूलमधून (आर्मीच्या अतिशय खडतर प्रशिक्षणातून) बायकांमध्ये पहिल्यांदा पास झाल्या, तेव्हाचे फोटो बघा. पुरुषांइतकेच बारीक केस. आठवडेच्या आठवडे जंगलात, अंघोळ नाही, झोप नाही, तिथे केस म्हणजे नुसतं ओझं. लेकीने उद्या असलं काही मनावर घेतलं तर कैची ती स्वतःच हातात घेईल, तेव्हा आपण फक्त फोटो मागायचा.

नाकातली चमकी गणवेशात चालत नाही. कानात छोटे खडे २०२१ च्या नियमांत चालत, बाकी कुठलंही टोचलेलं दिसता कामा नये, आणि प्रशिक्षणात तर कानातलेही काढून ठेवतात. भोक बुजेल अशी भीती असेल तर आतून पारदर्शक रिटेनर घालू का, म्हणून विचारतात मुली. तोही दागिनाच धरतात, नको. टिकलीचा प्रश्न वेगळा. धार्मिक बाब म्हणून लेखी परवानगी मागता येते. पगडी, दाढी, हिजाब यांचा मार्ग आर्मीत २०१७ पासून सोपा झाला आणि २०२२ मध्ये वायोमिंगच्या हवाई तळावरच्या एका हिंदू एअरमनला गणवेशात टिळा लावायची मुभा मिळाली. पण तो अर्ज, चॅपलनची (सैन्यातल्या धर्मगुरूची) मुलाखत, वर सह्या असा रीतसर प्रवास असतो. रोज भक्तीने लावत असेल तर जरूर करा. फॅशन म्हणून असेल तर सोडून द्या.

वारं बदलतं हेही ध्यानात ठेवा. २०२५ पासून पेंटॅगॉनचा, म्हणजे संरक्षण खात्याचा, सूर पुन्हा नियम आवळण्याचा आहे, दाढ्यांपासून सुरुवात झाली. म्हणून यूट्यूबवरचे २०२१–२२ चे ‘आर्मी हेअर’ व्हिडिओ बघून खरेदी करू नका. निघायच्या महिनाभर आधी रिक्रूटरकडून (भरती करून घेणाऱ्याकडून) चालू आवृत्ती आणि सामानाची यादी लेखी मागून घ्या, तोंडी नको. रिक्रूटर तोंडी सगळ्यालाच हो म्हणतात.

आणि केस कापायचे ठरलं तर जायच्या आदल्या दिवशी नको, निदान तीन-चार आठवडे आधी कापा. नव्या लांबीची वेणी हाताला बसायला वेळ लागतो. बारा-चौदा इंच निघतील, ते दान करायचे असतील तर न्हाव्याला आधी वेणी घालून मग कापायला सांगा, मोकळे कापलेले घेत नाहीत. दाट केसांच्या दोन वेण्या चपट्या कशा बसवायच्या त्याचे फोटो लेकीला हवे असतील तर मला मेसेज करा, माझ्या भाचीला बसवून काढून पाठवते.