श्रावणात अडकणारा ड्रॉवर : सुतारकामाची प्रश्नोत्तरे

श्रावण लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर दरवर्षी एकच असतो : उन्हाळ्यात हौसेने करून घेतलेली वस्तू पावसाळ्यात बिघडली, आता काय करावे? या वेळी दिवाणाशेजारी ठेवायच्या, एका ड्रॉवरच्या लहान टेबलाविषयी बरीच पत्रे आली आहेत, म्हणून त्यांतील प्रश्न एकत्र घेत आहे.

प्रश्न : दिवाणाशेजारच्या टेबलाची उंची किती असावी? (समुद्रपूर तालुका)

उत्तर : गादीच्या वरच्या पातळीइतकी, फार तर दोन बोटे अधिक. माप आपल्याच दिवाणाचे घ्यावे.

प्रश्न : एप्रिलमध्ये सागवानाचे टेबल करून घेतले. मे महिन्यात वरच्या फळीला भेग पडली आणि आता ड्रॉवर ओढूनही निघत नाही. मेव्हणे म्हणतात, ड्रॉवरच्या दोन्ही बाजूंना रंधा मारून टाका. मारावा का? (दारव्हा तालुका)

उत्तर : मारू नये. मेव्हण्यांचा सल्ला ऐकून बाजू तासलेले आणि पुढे उन्हाळाभर खडखडणारे ड्रॉवर मी मोजता येणार नाहीत इतके पाहिले आहेत.

लाकूड ओलावा घेते तेव्हा ते लांबीत जवळजवळ वाढत नाही. ते रेषांच्या (तंतूंच्या) आडव्या दिशेने, म्हणजे रुंदीत फुगते. ड्रॉवरच्या बाजूच्या पट्टीच्या रेषा पुढून मागे जातात, त्यामुळे तिची लांबी तशीच राहते, जेमतेम १२-१५ मिलिमीटरची जाडी नगण्य बदलते आणि वाढते ती उंची. सागवानाच्या साध्या चिरकामाच्या फळीतील ओलावा १ टक्क्याने वाढला तर तिची रुंदी सुमारे ०.२ टक्के वाढते. आपल्याकडे मे महिन्यातील कोरडी हवा आणि ऑगस्टमधील दमट हवा यांच्यामुळे लाकडातील ओलाव्यात ५ टक्क्यांचा फरक सहज पडतो. म्हणजे १२० मिलिमीटर उंचीची पट्टी १ मिलिमीटरहून थोडी अधिक वाढते आणि ४५० मिलिमीटर रुंदीची वरची फळी सुमारे साडेचार मिलिमीटर. उन्हाळ्यात केलेल्या ड्रॉवरच्या वर दीड-दोन मिलिमीटर जागा सोडली असती, तर हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती. तूर्त ड्रॉवरच्या वरच्या कडेला खडू लावून तो हलवून पाहावा, खडू जेथे पुसला जाईल तेथे मेणबत्ती घासावी आणि तरीही अडत असेल तर सुताराला बोलावून फक्त तेवढ्याच जागी एक-दोन पातळ साली काढून घ्याव्यात.

आता भेगेविषयी. एकाच टेबलात एक भाग आटून फुटतो आणि दुसरा फुगून अडकतो, तेव्हा दोन्हींचे लाकूड एकाच अवस्थेत नव्हते, अशी शक्यता असते. ड्रॉवर बहुधा जुन्या, सुक्या तुकड्यांतून झाला असेल आणि वरची फळी नुकत्याच चिरलेल्या लाकडाची असेल. ती फळी चौकटीला चहूबाजूंनी स्क्रूने घट्ट आवळली असल्यास तिला आटायला जागाच उरली नाही. भरीव लाकडाची फळी चौकटीला गोंदाने कधीही चिकटवू नये. चौकटीच्या आतल्या बाजूस खाच करून त्यात सरकणारे लाकडी गुटके बसवावेत किंवा स्क्रूची भोके लांबट ठेवावीत. भेगेत भुसा आणि गोंद आत्ता भरू नये. दिवाळीनंतर स्क्रू सैल करून अनुभवी सुताराकडून टेबल तपासून घ्यावे.

लाकूड सुकायला वेळ लागतो, आणि हा वेळ द्यायला कोणीच तयार नसतो. फळ्यांच्या थरांमध्ये पट्ट्या ठेवून, टोकांना रंग फासून, सावलीत हवेशीर जागी रचल्यास १ इंच जाडीला साधारण १ वर्ष धरावे. एका तुकड्याचे दर आठवड्याला किराणा दुकानातील काट्यावर वजन करावे. ते घटायचे थांबले की फळ्या ज्या खोलीत टेबल राहणार आहे तेथे दोन-तीन आठवडे ठेवाव्यात आणि मगच करवत लावावी. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तासाठी दसऱ्याला ओले लाकूड आणणाऱ्यांनी मला पत्र न लिहिलेले बरे.

प्रश्न : टालवाला ‘अस्सल सी.पी. सागवान, पूर्ण सीझन केलेले’ (म्हणजे सुकवलेले) म्हणून फळ्या देत आहे. रंग सगळीकडे सारखा गडद तपकिरी आहे. घ्याव्यात का? (मूल तालुका)

उत्तर : सारखा रंग हीच शंकेची जागा आहे. सागाच्या गाभ्याचे लाकूड सोनेरी-तपकिरी आणि कडेचे कच्चे लाकूड पांढुरके असते; या कच्च्या भागाला कीड लवकर लागते, म्हणून तो रंग लावून लपवला जातो. वीतभर जागी रंधा मारून दाखवण्यास सांगावे. सी.पी. म्हणजे जुना मध्य प्रांत (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस), ज्यात आपल्या विदर्भाचा भाग होता. आज हे नाव कोणत्याही लाकडाला लावले जाते. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेले, तेव्हापासून तर ‘त्याच लॉटमधले’ हा नवा मंत्र ऐकू येतो. बिल आणि वाहतूक परवाना पाहावा. सुक्या सागवानाचे १ घनफूट साधारण १८-१९ किलो भरते. त्याहून पुष्कळ जड असेल तर तुम्ही पाण्याचे पैसे देत आहात. जाणता सुतार सोबत नेल्याशिवाय खरेदी करू नये.

प्रश्न : बांधावरचे सागाचे झाड तोडून त्याचेच टेबल करावे का? (तुमसर तालुका)

उत्तर : झाड स्वतःचे असले तरी साग तोडण्यास परवानगी लागते. कुऱ्हाड लावण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावे.

प्रश्न : घाण्याचे जवस तेल लावले, पंधरा दिवस झाले तरी टेबल चिकटच आहे. (अचलपूर तालुका)

उत्तर : जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते, पण कच्चे तेल फार सावकाश सुकते आणि जाड थर तर सुकतच नाही. टर्पेंटाइनच्या फडक्याने जास्तीचे तेल पुसून काढावे. पुढचा हात अगदी पातळ द्यावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा. ड्रॉवरच्या आत तेल लावू नये. त्याचा वास महिनोन्‌महिने जात नाही. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात कधीही टाकू नयेत, कारण ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पाण्यात भिजवावीत किंवा अंगणात सुटी पसरून वाळवावीत.

प्रश्न : पोळ्यापर्यंत लाखेचे पॉलिश करून हवे आहे. (चिखलदरा तालुका)

उत्तर : दमट हवेत लाखेच्या पॉलिशवर पांढुरके ढग उठतात, त्यामुळे दसऱ्यापर्यंत थांबावे. तुमचा सुतारही सध्या तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांत गुंतलेला असेल.

प्रश्न : चॅनेल (ड्रॉवर सरकवणारी धातूची पट्टी) लावले की ड्रॉवर कधीच अडकत नाही, असे दुकानदार म्हणतो. (दारव्हा तालुका)

उत्तर : बाजूचे चॅनेल प्रत्येक बाजूला सुमारे १३ मिलिमीटर जागा खाते आणि उंचीतील फुगण्यावर त्याचा काहीही उपाय नाही. तरीही लावायचेच असेल, तर ड्रॉवर करण्याआधी ते विकत आणून सुताराच्या हाती द्यावे.