जुनी फेअरलेडी झेड : रंग नंतर, आधी पत्रा

ऑक्टोबर १९६९ मध्ये जपानात ‘फेअरलेडी झेड’ आणि परदेशांत ‘डॅटसन २४०झेड’ या नावाने आलेल्या निस्सानच्या एस३० गाडीबद्दल तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहेत. त्यातले काही इथे एकत्र घेतले आहेत. खालचे आकडे २३९३ सीसीच्या एल२४ इंजिनाच्या गाडीचे आहेत. नंतरच्या २६०झेड आणि २८०झेडवाल्यांनी आपल्या वर्षाचं सर्व्हिस मॅन्युअल उघडून ते पडताळल्याशिवाय वापरू नयेत.

प्रश्न : गाडी बारा वर्षं शेडमध्ये उभी होती. नवी बॅटरी आणली आहे. सेल्फ मारून बघू का?

नको. सहाही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी टॅपेट कव्हर काढून बाराही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे छोटे दांडे) जागेवर बसलेत का ते पाहा. मग गिअर न्यूट्रलला ठेवून क्रँकपुलीच्या बोल्टला २७ मिमीची गोटी (सॉकेट) लावा आणि हाताने, घड्याळाच्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठेही अडलं तर तिथेच थांबा. रिंग चिकटली असेल किंवा एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकला असेल. सेल्फच्या जोराने व्हॉल्व्ह वाकतो आणि रॉकर निसटून पडतो. असं इंजिन हेड उघडणाऱ्या माणसाकडेच न्या.

सुरळीत फिरलं तर ऑइल आणि फिल्टर बदला. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. त्यात नवं ओतून ‘पातळ’ करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. टाकीत टॉर्च मारून बघा. तळाशी तांबूस पूड दिसली तर टाकी उतरवून साफ करावीच लागेल, नाहीतर तीच पूड कार्ब्युरेटरच्या फ्लोट नीडलखाली जाऊन बसते आणि पेट्रोल बाहेर वाहतं. रबरी पाइप सगळे नवे. त्यानंतर प्लग बाहेर ठेवून आणि इग्निशनची ठिणगी बंद पाडून, दहा-दहा सेकंदांच्या टप्प्यांत सेल्फ मारा. ऑइलचा काटा हलला की मगच प्लग लावा. आणि इंजिन चालू झालं म्हणजे गाडी रस्त्यावर न्यायला तयार झाली असं समजू नका. मास्टर सिलिंडर, मागचे व्हील सिलिंडर आणि ब्रेकचे रबरी होज जाणकाराने उघडून पाहेपर्यंत ती फाटकाबाहेर काढू नये.

प्रश्न : टॅपेट (व्हॉल्व्हची फट) किती ठेवायचे? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

थंड इंजिनाला इनटेक ०.२० मिमी, एक्झॉस्ट ०.२५ मिमी, गरम असताना ०.२५ आणि ०.३०. फिलर गेज कॅम आणि रॉकर यांच्यामध्ये घालायचा.

प्रश्न : दोन कार्ब्युरेटर कधीच जुळत नाहीत. मेकॅनिक म्हणतो, काढून टाका आणि तीन वेबर बसवा.

जुळवता येत नाहीत म्हणून महागडे बदलायचे, हा विकणाऱ्याच्या फायद्याचा सल्ला आहे. जुळवायला दोन अवघड वाटत असतील तर तीन जुळी कार्ब्युरेटर, म्हणजे सहा घसे, सोपे कसे होतील?

हिताचीचे हे एसयू पद्धतीचे (हवेच्या ओढीने आतला पिस्टन वर-खाली होणारे) कार्ब्युरेटर बहुतेक वेळा निर्दोष असतात, चूक क्रमात असते. आधी टॅपेट. मग डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप ०.४५ ते ०.५५ मिमी. मग ठिणगीचं टायमिंग. मग मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून हवा आत शिरते का ते. हे सगळं ठीक असेल तेव्हाच कार्ब्युरेटरला हात लावायचा. एअर क्लिनर काढून कार्ब्युरेटरमधला पिस्टन बोटाने उचला आणि सोडा. तो न अडखळता खाली येऊन तळाला ‘टक्’ असा वाजला पाहिजे. अडखळला तर सक्शन चेंबर (पिस्टनवरची घुमटी) आतून साफ करा. पॉलिश पेपर लावू नका, कारण तिथलं मोजमाप फार नाजूक आहे. उचलताना बोटाला विरोध जाणवला नाही तर डॅम्परमधलं ऑइल संपलेलं आहे, २० ग्रेडचं भरा. जेटचा नट पूर्ण वर घेऊन अडीच फेरे खाली आणा, दोन्हीकडे सारखंच. इंजिन गरम झाल्यावर हवेचा गेज लावून दोन्ही तोंडांतला ओढा सारखा करा. मग एकेक पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचला. आरपीएम किंचित वाढून लगेच बसला तर मिश्रण बरोबर, वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, पडला तर कमी.

थ्रॉटलचा दांडा हाताने वर-खाली हलत असेल तर मात्र बुश झिजलेत आणि वरच्या कुठल्याही सेटिंगचा उपयोग नाही. ते काम लेथवर अचूक काम करणाऱ्याकडून करून घ्या. अमेरिकेत विकलेल्या १९७३ च्या गाडीवर चपट्या डोक्याचे कार्ब्युरेटर असतात, त्यांना हे अडीच फेरे लागू नाहीत.

प्रश्न : दाराच्या मागे, मागच्या चाकाच्या पुढ्यात रंगाला दोन फोड आले आहेत. रंगारी म्हणतो, घासून रस्ट कन्व्हर्टर मारतो, पुट्टी भरून रंग देतो. पत्र्याचं काम पुढच्या वर्षी केलं तर चालेल ना?

नाही चालणार. या एका विषयावर थोडं सविस्तर लिहितो, कारण या गाडीत बाकी सगळं काढून नवं बसवता येतं, पण पत्रा हीच गाडी आहे. वेगळी चासी नाही. इंजिन, सस्पेन्शन, दारं, सगळं पातळ पत्र्याच्या बंद पेट्यांवर टांगलेलं आहे.

तुम्ही सांगता त्या कोपऱ्यात बाहेरचा सिल (दाराखालच्या लांब पेटीचा पत्रा), आतला सिल आणि चाकाच्या कमानीचा आतला पत्रा असे तीन थर एकत्र येतात. चाकाने उडवलेला चिखल त्यांच्या जोडात बसतो आणि आठवडे ओला राहतो. गंज तिथून बाहेर येत येत शेवटी रंगापर्यंत पोचतो. म्हणजे फोड दिसेपर्यंत आतला थर बहुधा गेलेला असतो. घासून वरचा फोड काढला की नखाएवढं भोक दिसेल, पण मागे पत्रा वीतभर चाळणी झालेला असू शकतो.

रस्ट कन्व्हर्टर पृष्ठभागावरच्या गंजाचं रूप बदलतो. तो जोडाच्या आत पोचत नाही आणि खाल्लेला पत्रा परत देत नाही. पुट्टी ओल शोषते. गंजावर डांबरी अंडरकोट मारला तर ओल आत कोंडून राहते आणि गाडी वरून सुरेख दिसत आतून संपत जाते. अशा कामाला ‘रिस्टोरेशन’ म्हणणाऱ्यांनी जितक्या झेड संपवल्या, तितक्या अपघातांनी संपवल्या नसतील असं माझं ठाम मत आहे.

फोड दोन आहेत म्हणून फक्त तेवढंच पाहू नका. बॅटरीच्या ट्रेखाली ॲसिड झिरपून खालची रेल खातं. विंडस्क्रीनच्या पुढच्या जाळीतलं पाणी पुढच्या फेंडरच्या मागच्या बाजूने उतरतं. तिथे पाला साठला की फेंडरचा खालचा कोपरा आणि सिलचं पुढचं टोक जातं. पुढचा फेंडर बोल्टवर आहे, काढून बघा. मागच्या काचदाराचं रबर गळत असेल तर स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी असतं. आणि गालिचा उचलाच. फ्लोअरवर कारखान्यातून चिकटवलेली डांबरी चटई असते, ती तडकली की पाणी तिच्याखाली शिरतं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने फ्लोअर ठोकत जा. सलग ‘ठण् ठण्’ येता येता मध्येच आवाज ‘भद्द’ झाला की तिथे खूण करा. चटई काढायला ड्राय आइस पसरा. उणे ७८ अंशांना डांबर ठिसूळ होऊन प्लॅस्टिकच्या पट्टीने सुटतं. जाड हातमोजे घाला, सगळी दारं उघडी ठेवा, बंद जागेत तो वायू जीवघेणा आहे. फ्लोअरखालच्या दोन लांब रेल बंद पेट्यांसारख्या असल्याने आतून गंजतात. त्यांना जॅक लावून गाडी उचलू नका. रेल दबली तर उत्तर तिथेच मिळालं, पण फार वाईट रीतीने.

आता काम. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत चौकोनी पाइपची तात्पुरती चौकट जोडली पाहिजे आणि दाराच्या फटी मोजून लिहून ठेवल्या पाहिजेत. ते न करता सिल कापला तर गाडी मधून बसते आणि पुढे दार कधीच नीट लागत नाही. पेट्रोलची टाकी बाहेर. बॅटरी आणि अल्टरनेटर सुटे. चकचकीत निरोगी धातू लागेपर्यंत कापायचं, मूळ जाडीचाच पत्रा घालायचा, साधारण ०.८ ते १ मिमी. मिग वेल्डिंगने दहा-पंधरा मिमीचे तुकडे, तेही एका ठिकाणी सलग न करता लांब लांब उड्या मारत, नाहीतर पत्रा तापून लाटांसारखा होतो. एकावर एक येणाऱ्या कडांना वेल्ड-थ्रू झिंक प्रायमर, मग इपॉक्सी प्रायमर, जोडांना सीम सीलर, मग रंग. सगळ्यात शेवटी, रंगाच्या भट्टीतून बाहेर आल्यावर, लांब नळीने प्रत्येक पेटीत कॅव्हिटी वॅक्स. खालची निचऱ्याची भोकं त्यानंतर तारेने मोकळी करा. वॅक्स मारायचं राहून गेलं तर बाकीचं चांगलं काम आतून पुन्हा सुरुवातीला येतं.

हे रंगाऱ्याचं काम नाही. चासी नसलेल्या गाड्यांचे सिल बदललेला बॉडी-वेल्डर शोधा, गाडी लिफ्टवर घेऊन त्याच्याकडून पूर्ण खालून तपासून घ्या आणि कापण्याआधी मॅन्युअलमधल्या अंडरबॉडीच्या मापांशी ताडून बघायला सांगा. हे या महिन्यातच करा. आज जे ठिगळावर भागेल ते वर्षभराने पूर्ण सिल आणि कमान मागेल.

प्रश्न : गिअरबॉक्समध्ये जीएल-५ ऑइल चालेल का? ‘जास्त भारी’ आहे असं कळलं.

नाही. जीएल-४, जीएल-५ हे गिअर ऑइलचे प्रकार आहेत : गिअरबॉक्सला जीएल-४, डिफरन्शियलला जीएल-५. आकडा मोठा म्हणजे ऑइल चांगलं असं नसतं. जीएल-५ मधल्या मिश्रणांनी गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगचं काम बिघडतं.

प्रश्न : मागच्या सस्पेन्शनचे बुश बदलायचे आहेत, पण खालची लांब पिन निघत नाही. घणाने ठोकतोय.

आजच थांबा. ही पिन कंट्रोल आर्म आणि हबच्या ओतीव भागातून आरपार जाते आणि या गाडीचं सर्वांत कुप्रसिद्ध काम तेच आहे. आधी पाहा, मधला छोटा निमुळता लॉक बोल्ट काढला आहे का? तो आत असताना कितीही ठोकलं तरी पिन येणार नाही. ठोकल्याने पिनचं टोक फुगतं, आटे जातात आणि मग ती आणखी घट्ट बसते. लॉक बोल्ट काढून त्याच भोकातून भेदक तेल सोडा, दोन-तीन दिवस रोज. मग आट्यांवर पूर्ण बसणारा पुलर लावून पिन ओढून काढायची. तरी हलली नाही तर पूर्ण जोडणी उतरवून हायड्रॉलिक प्रेस असलेल्या मशिनिस्टकडे न्या. बसवताना पिन नवीच घाला, तिला ग्रीस लावा.

प्रश्न : जाहिरातीत ‘पूर्ण रिस्टोअर केलेली, मॅचिंग नंबर’ असं लिहिलं आहे. फोटो उत्तम आहेत. बयाणा देऊ का?

गाडी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय देऊ नका. उघड्या पत्र्याचे, वेल्डिंग चालू असतानाचे फोटो मागा. ते नसतील तर ‘पूर्ण’ हा शब्द खोडून वाचा. गाडीचा नंबर इंजिनबेच्या मागच्या भिंतीवर ठोकलेला असतो, इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला मागे, आणि प्लेटवर दोन्ही; हे जुळणं म्हणजेच ‘मॅचिंग नंबर’. प्लेट रिव्हेट काढून बदलता येते, म्हणून भिंतीवरच्या ठोक्याला महत्त्व द्या. एचएलएस३० म्हणजे निर्यातीची डाव्या स्टिअरिंगची, एचएस३० म्हणजे उजव्या. ‘झेड४३२’ (याच गाडीचा खास प्रकार) म्हणून विकत असतील तर नंबर पीएस३० ने सुरू झाला पाहिजे आणि इंजिन चोवीस व्हॉल्व्हचं एस२० असलं पाहिजे. पेंट गेज सोबत न्या. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. हजाराच्या पुढे आकडा गेला की खाली पुट्टी आहे. तुमच्या बाजूचा तपासनीस घेऊन जा, विकणाऱ्याने सुचवलेला नव्हे.

प्रश्न : हेडलाइट मंद आहेत आणि फ्यूज बॉक्स हाताला चटका देतो. मोठा फ्यूज घालू?

अजिबात नाही. मोठ्या फ्यूजने वायर जळेल. हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगवरच्या जुन्या स्विचमधून जातो आणि फ्यूजच्या पकडी सैल व काळ्या झालेल्या असतात. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर आणि बल्बच्या पिनवर व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त असेल तर जोड साफ करा आणि लो-हाय दोन्हींना रिले द्या. तयार रिले हार्नेस घेण्याआधी डिपर सप्लायच्या बाजूला आहे की अर्थच्या, हे मल्टिमीटरने तपासा. कुठलाही हार्नेस या गाडीला चालतो असं सांगणाऱ्यावर विसंबू नका. ॲमीटरमागचे दोन जाड जोडही घट्ट करून घ्या. डॅशमागे वितळलेली वायर दिसली तर बॅटरी काढा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा.

प्रश्न : काचा खाली केल्या की आत धुराचा वास येतो.

या गाडीच्या उतरत्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. टेललाइटची पॅकिंग, मागच्या काचदाराचं रबर आणि मागच्या पत्र्यातले वायरचे ग्रोमेट बदला. पेट्रोलचा वास असेल तर तो वेगळा दोष आहे : मागच्या आतल्या पॅनलमागे टाकीच्या वाफेचे रबरी पाइप तडकलेले असतात, सगळे एकदम बदला. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, तेव्हा वास कमी झाला म्हणून निर्धास्त होऊ नका. एक्झॉस्टची गळती तपासून घेईपर्यंत लांबचा प्रवास नको, आणि डोकं दुखायला लागलं तर गाडी बाजूला घेऊन लगेच बाहेर पडा.

प्रश्न : टायर चौदा वर्षांचे आहेत, पण नक्षी पूर्ण आहे.

बदला. बाजूवरच्या डॉट (DOT) क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचे आहेत; त्यांच्यावर गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका, ट्रकवर घालून न्या.