अंगणातली मेक्सिकन शेगडी : वाचकांच्या शंका

हिवाळा जवळ आला की या सदराकडे चुली, शेगड्या आणि जळणाविषयी पत्रे येऊ लागतात. या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी ‘चिमेनेआ’ या मेक्सिकोतील मातीच्या शेगडीबद्दल असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. ज्यांनी ही शेगडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. रांजणासारखे गोल पोट, पोटाला समोरून कमानदार तोंड, वर निमुळती होत गेलेली उंच मान आणि खाली लोखंडी तिवई असे तिचे रूप असते. लाकडे तोंडातून आत ठेवतात, धूर मानेतून वर जातो आणि पुढे बसलेल्यांना ऊब मिळते.

प्रश्न : आम्ही टेक्सासमधील ऑस्टिन येथे राहतो. मागच्या अंगणासाठी मातीची चिमेनेआ आणली आहे. दुकानदाराने पहिल्या दिवशी मोठा जाळ करू नका एवढेच सांगितले, कारण सांगितले नाही. सुरुवात कशी करावी?

उत्तर : दुकानदाराने सांगितले ते योग्यच आहे, पण कारण कळल्याशिवाय असा सल्ला चार दिवसांपलीकडे पाळला जात नाही. तुमची शेगडी ही कमी तापमानाला भाजलेली साधी माती आहे. मेक्सिकोत हालिस्को राज्यातील ग्वादालाहारा शहराला खेटून तोनाला आणि त्लाकेपाके ही कुंभारकामासाठी नावाजलेली गावे आहेत. अशा ठिकाणची पारंपरिक भांडी चिनी मातीप्रमाणे काचेसारखी घट्ट भाजलेली नसतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म छिद्रे राहतात आणि ती छिद्रे हवेतली ओल शोषून घेतात. शेगडी दुकानातून तुमच्या अंगणात येईपर्यंत तिने बरीच ओल साठवलेली असते असे समजूनच चालावे.

आता या भिंतीच्या आत एकदम भडका उठला, तर दोन गोष्टी घडतात. छिद्रांतल्या पाण्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपटीहून अधिक जागा लागते. ती जागा मिळाली नाही तर मातीचे टवके उडतात. दुसरे असे की माती उष्णता फार सावकाश वाहून नेते, त्यामुळे भिंतीचा आतला पदर तापून फुगतो तेव्हा बाहेरचा पदर अजून थंडच असतो आणि तो ताणला जातो. भाजलेली माती दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र सोसत नाही. म्हणूनच आग आत असली तरी तडा बहुधा बाहेरून सुरू होतो, आणि तोही पोट जिथे मानेला मिळते तिथे, कारण तिथे आकार एकाएकी बदलतो.

एवढे ध्यानात घेतले की पुढच्या कृतीचा अर्थ आपोआप लागतो. प्रथम पोटाच्या तळाशी कोरडी वाळू किंवा बारीक गोटे भरावेत. थर तोंडाच्या खालच्या काठापासून दोन-तीन बोटे खाली राहील इतका असावा. वाळू ओली असेल तर ती आधी उन्हात पसरून वाळवावी, नाहीतर ओल घालवण्याच्या खटाटोपात आपणच ओल आत भरतो. या थरामुळे निखारे मातीला चिकटत नाहीत. मातीतल्या गारेचे कण साधारण 573 अंश सेल्सिअसला एकदम प्रसरण पावतात आणि लाकडाची ज्योत याहून सहज अधिक तापते, म्हणून जळते लाकूड भिंतीला टेकलेले कधीच नसावे.

पहिल्या दिवशी कागदाचे दोन-चार बोळे आणि मूठभर काटक्या एवढेच जाळावे. पंधरा-वीस मिनिटांत ते विझेल. मग शेगडी आपली आपण पूर्ण निवू द्यावी. हात लावून पाहिल्यावर पोट गार लागले पाहिजे. दुसऱ्या दिवशी थोड्या अधिक काटक्या, तिसऱ्या दिवशी अंगठ्याएवढ्या जाड फांद्या, असे पाच-सहा वेळा वाढवत न्यावे. बाहेरच्या रंगाचा वास पहिल्या एक-दोन वेळा येतो, त्याने घाबरू नये. पुढे कायमसाठी खूण एकच : मानेच्या टोकातून ज्वाळा बाहेर दिसू लागल्या, तर जाळ शेगडीच्या मानाने मोठा झाला आहे. रॉकेल, पेट्रोल यांसारखे काहीही ओतून पेटवू नये आणि कितीही घाई असली तरी पाणी टाकून विझवू नये. पाण्याने शेगडी फुटते आणि उसळलेली वाफ तोंडावर येते. विझवायचीच असेल तर कोरडी वाळू टाकावी.

जागा निवडताना भिंत, कुंपण आणि वरच्या फांद्या यांपासून निदान 3 मीटर अंतर ठेवावे. लाकडी डेकवर ठेवायची असेल तर खाली फरशा घालाव्यात. बंद गॅलरीत किंवा छपराखाली ती मुळीच पेटवू नये, कारण मान कितीही उंच असली तरी तिचा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड त्या छपराखालीच साठतो.

प्रश्न : विक्रेत्याने आम्हाला ही ‘अझ्टेक लोकांची शेगडी’ म्हणून विकली. हे खरे आहे का?

उत्तर : माल खपवण्यासाठी इतिहास जुना करून सांगण्याची रीत सगळीकडेच आहे. अझ्टेक म्हणजे स्पॅनिश येण्यापूर्वी मध्य मेक्सिकोवर राज्य करणारे लोक. त्यांच्या घरातली चूल म्हणजे जमिनीवर मांडलेले तीन दगड होते. त्यांवर मातीचा सपाट तवा ठेवून मक्याच्या भाकरी भाजत, आणि हा तवा, म्हणजे ‘कोमाल’, मेक्सिकोत आजही रोजच्या वापरात आहे. वेगळे धुराडे असलेली शेगडी हा प्रकार स्पॅनिश राजवटीबरोबर, म्हणजे 1521 नंतर, तिथे आला. तेव्हा चिमेनेआ ही तिथल्या कुंभाराच्या हातची माती आणि युरोपातून आलेले धुराडे यांच्या मिलाफातून घडली, असे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ जाते. अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या बागांमध्ये ती दिसू लागली ती तर त्यानंतर कितीतरी उशिरा, विसाव्या शतकाच्या अखेरीस.

तरीही अग्नीचा त्या भूमीशी असलेला संबंध विक्रेत्याच्या कल्पनेपेक्षा खोल आहे. तेओतिवाकान या अझ्टेकांच्याही आधीच्या मेक्सिकोतील प्राचीन नगराच्या उत्खननात पाठ वाकलेल्या, सुरकुतलेल्या म्हाताऱ्याच्या दगडी मूर्ती सापडल्या आहेत. त्याच्या डोक्यावर अग्निपात्र असते. हा वेवेतेओत्ल, म्हणजे वृद्ध अग्निदेव. अझ्टेक पंचांगात दर 52 वर्षांनी एक चक्र पुरे होई. त्या रात्री घराघरांतले सर्व अग्नी विझवत, देवांच्या मूर्ती, चुलीचे दगड आणि वरवंटेसुद्धा पाण्यात टाकून देत आणि एका टेकडीवर घर्षणाने नवा अग्नी पेटल्यावर तिथून तो घरोघरी नेत. असा शेवटचा विधी 1507 मध्ये झाला. ही हकीकत लिहून ठेवणारा साआगून हा स्पॅनिश धर्मोपदेशक होता, पण त्याने ती नाहुआ, म्हणजे अझ्टेक ज्या समाजातले होते त्या समाजातल्या जाणकारांकडून त्यांच्याच भाषेत लिहवून घेतली, म्हणून तिला मोल आहे. चिमेनेआ विकताना कोणी हे सांगत नाही. निव्वळ ‘अझ्टेक’ म्हटले की काम भागते.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहते. आमची चिमेनेआ गेल्या हिवाळ्यात बागेतच राहिली. आता पोटावर एक बारीक भेग दिसते आणि तळाकडची माती पापुद्र्यांसारखी निघत आहे. ती दुरुस्त होईल का? शिवाय शेजारी धुराची तक्रार करतात. अशी शेगडी पेटवणे बेकायदा आहे का?

उत्तर : तुमच्या शेगडीचे नुकसान आगीने झालेले नसून बर्फाने झालेले आहे. छिद्रांत शिरलेले पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते आणि मातीचा वरचा थर सोलून काढते. तळाकडे हे आधी घडते, कारण जमिनीची ओल तिथूनच वर चढते. शेगडीचे अंग तिवईवर अधांतरी ठेवतात त्यामागचे हे एक कारण आहे.

भेगेचे म्हणाल तर केसासारखी बारीक भेग चिंतेची नसते. शेगडी तापली की ती थोडी उघडते आणि निवली की मिटते. भेगेत नख शिरू लागले तर मात्र ती भरावी. त्यासाठी भट्ट्यांच्या व चुल्यांच्या सांध्यांना वापरतात ते फायर सिमेंट घ्यावे. भेग कोरड्या ब्रशने साफ करून, कडा किंचित ओलावून ते दाबून भरावे, दोन दिवस वाळू द्यावे आणि नंतर पुन्हा छोट्या जाळांपासून सुरुवात करावी. बांधकामाचे साधे सिमेंट वापरू नये, कारण उष्णतेने ते भुसभुशीत होते आणि मातीबरोबर फुगत-आकसत नाही. इपॉक्सीची लांबी (पुट्टी) तर जळून घाणेरडा धूर करील. भेग मानेच्या बुडाशी गोल फिरत गेलेली असेल, तर दुरुस्तीच्या फंदात पडू नये. ती मान कधीतरी पेटत्या जाळावर कोसळेल, तेव्हा शेगडीत माती भरून त्यात रोपे लावावीत, हाच शहाणपणा.

पुढच्या हिवाळ्यात तिला शेडमध्ये हलवावे. ते जमत नसेल तर हवा खेळेल असे आवरण घालावे. घट्ट प्लास्टिक गुंडाळले तर आतल्या आत घाम धरतो आणि ज्यासाठी हा उपद्व्याप केला तीच ओल कायम राहते. पावसाळी दिवस सुरू होण्यापूर्वी बाहेरच्या बाजूला ॲक्रिलिक सीलरचा हात द्यावा. तो आतून लावू नये, कारण ओलीला बाहेर पडण्याची वाट तिथेच ठेवायची असते.

कायद्याविषयी : इंग्लंडमधील ‘स्मोक कंट्रोल एरिया’ मध्ये, म्हणजे धुरावर निर्बंध असलेल्या भागातसुद्धा, बागेत चिमेनेआ पेटवता येते, फक्त तिचा धूर इमारतीच्या छतावरील धुराड्यातून सोडलेला नसावा. मात्र धुराचा शेजाऱ्यांना वारंवार त्रास होत असेल, तर 1990 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली तो उपद्रव ठरू शकतो आणि कौन्सिल नोटीस काढू शकते. शेजारी तक्रार करत आहेत तर बहुधा जळण ओले आहे. कोरड्या लाकडाचा धूर शेगडी तापल्यावर जवळजवळ दिसेनासा होतो, कारण तापलेली मान हवा जोराने वर खेचते आणि जाळाला तोंडातून ताजी हवा मिळत राहते. कोंदटलेल्या जाळाला ती मिळत नाही, म्हणून तो धुमसतो.

प्रश्न : आमचे शेतघर सोलापूर जिल्ह्यात आहे. मुलाने परदेशातल्या मित्राकडे चिमेनेआ पाहिली आणि आता तशीच इथल्या कुंभाराकडून करवून घ्यावी म्हणतो. ती टिकेल का? आणि तिच्यात कोणते लाकूड जाळावे?

उत्तर : करवून घ्यायला हरकत नाही. समुद्रापलीकडून एवढे नाजूक ओझे आणण्यापेक्षा हे केव्हाही बरे. पण कुंभाराला माठाची माती वापरू देऊ नका. माठाला पातळ भिंत आणि पाझर हवा असतो, तर शेगडीला जाड आणि भरड अंग हवे. मातीत चाळलेली वाळू आणि जुन्या भाजलेल्या विटांचा किंवा कौलांचा चुरा घालायला सांगा. हे कण आधीच एकदा भाजून निघालेले असल्यामुळे ते आकसत नाहीत आणि सुरू झालेल्या भेगेला वाटेत अडवतात. आपल्याकडे मातीत घोड्याची लीद मिसळतात, तिचाही उपयोग होतो : ती भट्टीत जळून गेल्यावर जी बारीक पोकळी उरते, तिच्यामुळे मातीला फुगायला जागा मिळते. घडवलेली शेगडी सावलीत पुरती वाळू द्या, कारण जाड अंग आतून वाळायला माठापेक्षा कितीतरी जास्त दिवस लागतात. घाईने भट्टीत घातली तर ती तिथेच फुटेल आणि दोष कुंभाराच्या माथी येईल.

जळणाच्या बाबतीत तुमच्या जिल्ह्याचे नशीब चमत्कारिक आहे. मेक्सिकोच्या उत्तर भागात ‘मेस्कीते’ हे लाकूड जळणासाठी आणि मांस भाजण्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याच कुळातले एक झाड एकोणिसाव्या शतकात भारतात आणले गेले आणि त्याने कोरडवाहू मुलूख व्यापला. तुम्ही त्याला वेडी बाभूळ म्हणता. माळरानाची ती डोकेदुखी आहे खरी, पण तिचे वाळके लाकूड घट्ट असते आणि निखारा दीर्घकाळ धरते. आच मात्र कडक असते, म्हणून मातीच्या शेगडीत एका वेळी मनगटाएवढ्या जाडीचे एक-दोनच तुकडे घालावेत. मेक्सिकोत आणि अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात हौशी लोक पिन्योन नावाच्या पाइनचे लाकूड पसंत करतात. चिलगोजा देणाऱ्या हिमालयातल्या झाडाचा हा दूरचा भाऊबंद आहे. त्याचा सुगंध छान असतो, पण राळेची काजळी मानेत साचते. ती अधूनमधून खरवडावी लागते. त्याच्या धुराने डास जातात असे सांगतात. डास कोणत्याही धुराला कंटाळतात, तेव्हा त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत. रंगवलेले लाकूड, प्लायवूड आणि कण्हेरीच्या फांद्या यांपैकी काहीही जाळू नये. कण्हेरीचा धूर विषारी असतो.

प्रश्न : चिमेनेआवर स्वयंपाक करता येतो का? वर तवा ठेवला तर चालेल का?

उत्तर : वर तवा ठेवू नये. त्याने मानेचे तोंड झाकले जाते, धूर उलटा फिरून पुढे बसलेल्यांच्या डोळ्यांत जातो आणि वजनाने मान दुखावते ते वेगळे. आत निखारे झाल्यावर वाळूत बटाटे, रताळी किंवा सालीसकट मक्याची कणसे पुरून भाजता येतात. सालीमुळे वाळू दाण्यांना लागत नाही आणि बटाटा-रताळ्यांना फॉइल गुंडाळता येते. लांब दांड्याची लोखंडी जाळी तोंडातून आत धरून पापड भाजणारे वाचकही आहेत. पंगतीचा स्वयंपाक करायचा असेल तर बाजूला तीन दगड मांडून चूल पेटवा. मेक्सिकोतल्या खेड्यांतही ते असेच करतात.