आग, गाडीची चोरी आणि विमा: पाहणी नुकसानीच्या आधी कशी करावी?

तुम्ही विचारलंय की घराला आग लागू नये आणि बाहेर उभी असलेली गाडी चोरीला जाऊ नये म्हणून नेमकं काय करावं, दोन्हींचा विमा आहे पण तो पुरेसा आहे का हे कसं ओळखावं. वरची खोली भाड्यानं द्यायचा विचार आहे, असंही शेवटी लिहिलंय. त्या खोलीकडे मी शेवटी येतो.

मी बरीच वर्षं विम्याचा सर्व्हेअर म्हणून काम केलं. आग विझल्यावर, भिंतीत धुराचा वास मुरलेला असताना घरात शिरायचं, काय जळालं, कशानं जळालं आणि ते पॉलिसीत बसतं का हे बघायचं, हे माझं काम होतं. आणि जवळपास प्रत्येक घरात मला वाटायचं की मी इथे एक महिना आधी यायला हवं होतं.

पूर्वी सर्व्हेअर खरोखरच आधी यायचे. १६६६ च्या लंडनच्या मोठ्या आगीनंतर घरांचा आगविमा सुरू झाला. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७५२ मध्ये फिलाडेल्फियात जी आगविमा संस्था उभारली, ती घराची पाहणी करूनच विमा उतरवत असे. पुढे तर दारापुढे झाडं असलेल्या घरांना तिनं विमा नाकारला, कारण आग विझवताना झाड आडवं येतं. आता फोनवर थोडी माहिती भरली की पॉलिसी हातात येते आणि घर कुणी बघतच नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की ती पाहणी तुम्ही स्वतः करा. एक संध्याकाळ काढा, दोन्ही पॉलिसींच्या प्रती हातात घ्या आणि घरभर फिरा.

सुरुवात विजेपासून करा, कारण लोकांची सगळ्यात मोठी गैरसमजूत इथे आहे. ‘एमसीबी आहे, काही झालं तर पडेल’ असं प्रत्येक जण म्हणतो. एमसीबी, म्हणजे वीज आपोआप तोडणारा बोर्डावरचा स्विच, पडतो तो वायरमधून ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त करंट गेला तर, किंवा शॉर्ट सर्किट झालं तर. पण सॉकेटमधला स्क्रू ढिला असेल, प्लगची पिन नीट बसत नसेल, तर करंट नेहमीइतकाच राहतो आणि त्या ढिल्या जागी उष्णता साठत जाते. एमसीबीला यातलं काहीच कळत नाही. महिनोन् महिने ते प्लास्टिक भाजत राहतं आणि एक दिवस पेट घेतं. मी पाहिलेल्या कित्येक आगींचं मूळ अशाच एखाद्या सॉकेटमध्ये होतं, आणि घरातलं कुणीतरी म्हणायचंच, ‘हो, तो प्लग जरा गरम लागायचा.’ तेव्हा हीटर किंवा इस्त्री वापरून झाल्यावर प्लग काढा आणि त्याला हात लावून बघा. चटका बसण्याइतका गरम असेल, सॉकेटभोवती तपकिरी डाग असेल, मासळीसारखा किंवा जळकट वास येत असेल, दिवा अधूनमधून लुकलुकत असेल, तर तो पॉइंट त्याच दिवशी बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

हीटर, गीझर, एसी यांसारखी जास्त वीज ओढणारी उपकरणं एक्स्टेंशन बोर्डावर कधीच लावू नका. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. एक्स्टेंशनची वायर गुंडाळलेली ठेवून वापरली तर ती उष्णता बाहेरही पडत नाही. वीजगळती ओळखणारा आरसीसीबी घरात असेल तर त्यावर चाचणीचं बटण असतं. ते दाबून बघा. दाबल्यावर तो पडला नाही, तर तो असून नसल्यासारखा आहे.

स्वयंपाकघराबद्दल दोनच गोष्टी सांगतो, पण त्या मनापासून. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या आकडेवारीत घरांच्या आगींचं पहिलं कारण वर्षानुवर्षं स्वयंपाक हेच आहे, आणि त्यातही गॅसवर काहीतरी ठेवून दुसरीकडे जाणं. तेल तापत असताना तिथून हलायचं नाही. फोन आला तरी नाही. दुसरी गोष्ट, पेटलेल्या तेलावर पाणी कधीही टाकू नका. पाणी तेलाखाली जातं, क्षणात त्याची वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा घेते. पेटतं तेल उडून छतापर्यंत जातं. गॅस बंद करा, भांड्यावर बाजूनं झाकण सरकवा आणि ते पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. गॅस गळतीचा वास आला तर कुठलंही बटण चालू करू नका आणि चालू असलेलं बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळा पडते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो. दारं उघडा, जमेल तर रेग्युलेटर बंद करा आणि सगळ्यांना घेऊन बाहेर पडा.

रात्री झोपेत धुराचा वास येऊन जाग येईल, या भरवशावर राहू नका. येत नाही. आगीत माणसं भाजून मरतात त्यापेक्षा जास्त धुरानं जातात. म्हणून प्रत्येक झोपायच्या खोलीत, खोल्यांच्या बाहेर आणि प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म हवा. महिन्यातून एकदा बटण दाबून त्याचा आवाज ऐका आणि १० वर्षं झाली की अख्खा अलार्म बदला, त्याचा सेन्सर म्हातारा होतो. अलार्ममध्ये दोन प्रकार असतात. फोटोइलेक्ट्रिक अलार्म गादी किंवा सोफा धुमसत असेल तेव्हा लवकर वाजतो, तर आयोनायझेशनचा अलार्म भडकलेल्या ज्वाळांना लवकर ओळखतो. एकच घ्यायचा असेल तर मी फोटोइलेक्ट्रिक घेईन, कारण रात्रीच्या आगी बऱ्याचदा धुमसत सुरू होतात. आणि झोपताना खोलीचं दार लावून घ्या. एकाच घरात उघड्या दाराची खोली पूर्ण काळी पडलेली आणि बंद दाराच्या खोलीत पांघरूण जसंच्या तसं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

लिथियमच्या बॅटऱ्यांचा उल्लेख करायलाच हवा. ई-बाइक, स्कूटर, पॉवर बँक यांची बॅटरी बिघडली की एका सेलची उष्णता दुसऱ्याला पेटवते आणि ही साखळी थांबवणं फार कठीण असतं. विझल्यासारखी वाटून ती पुन्हा पेटते. फुगलेली किंवा जोरात आपटलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका, सोबत आलेलाच चार्जर वापरा, आणि रात्रभर घराच्या मुख्य दाराशी चार्जिंग करू नका, कारण बाहेर पडायची वाट तीच असते.

आता गाडी. चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा इमोबिलायझर युरोपीय संघात नव्या गाड्यांना १९९८ पासून सक्तीचा आहे. तो नसला की काय होतं ते अमेरिकेत दिसलं. ह्युंदाई आणि किया यांच्या २०११ ते २०२१ दरम्यानच्या, चावी फिरवून सुरू होणाऱ्या अनेक गाड्यांत तिथे इमोबिलायझर नव्हता. त्या कशा चोरायच्या याचे व्हिडिओ २०२२ मध्ये पसरले, चोऱ्या भराभर वाढल्या आणि काही विमा कंपन्यांनी काही शहरांत त्या गाड्यांना नवा विमा देणंच थांबवलं. म्हणून तुमच्या गाडीत इमोबिलायझर आहे का, हे मॅन्युअलमध्ये आजच बघा. नसेल तर नंतर बसवता येतो.

बटणानं सुरू होणारी गाडी असेल तर धोका वेगळा आहे. चोर दोघं येतात. एक जण घराच्या दाराशी यंत्र धरून आत ठेवलेल्या चावीचा सिग्नल पकडतो, दुसरा गाडीपाशी तो सिग्नल पोहोचवतो. गाडीला वाटतं चावी जवळच आहे. काच फुटत नाही, आवाज होत नाही. यावर उपाय अगदी साधा आहे. चावी दारापासून लांब, सिग्नल अडवणाऱ्या पाऊचमध्ये ठेवा आणि पाऊच खरंच काम करतो का ते तपासा. चावी त्यात घालून गाडीजवळ जा आणि दार उघडतं का बघा. दुसरी चावीही तशाच पाऊचमध्ये हवी, ती लोक हमखास विसरतात. स्टिअरिंगला बाहेरून दिसणारं कुलूप मला अजूनही फार उपयोगी वाटतं. ते तोडता येतं, पण त्याला वेळ लागतो, आणि शेजारची गाडी तशीच उघडी असेल तर चोर तिकडे वळतो. लपवलेला जीपीएस ट्रॅकर चोरी थांबवत नाही, गाडी सापडायला मात्र मदत करतो. आणि एका मिनिटासाठीसुद्धा चावी आत ठेवून उतरू नका. अशा चोरीचा क्लेम ‘योग्य काळजी घेतली नाही’ या कारणानं नाकारला जाऊ शकतो.

आता पॉलिसी. इथे मी जास्त थांबणार आहे, कारण इथे लोक दुसऱ्यांदा लुटल्यासारखे होतात.

आधी विमा रक्कम बघा. घराचा विमा पुन्हा बांधायला लागेल त्या खर्चाचा हवा, विकत घेतलेल्या किमतीचा नाही. जमीन जळत नाही, पण मलबा उचलायला आणि नव्यानं बांधायला पैसा लागतो. रक्कम कमी असेल तर ‘संपूर्ण नुकसान झालं तरच फरक पडेल’ असं वाटतं, ते चूक आहे. बऱ्याच पॉलिसींत सरासरीचं कलम असतं. सामान १०० रुपयांचं असताना विमा ६० चाच घेतला, तर ४० टक्के जोखीम तुम्ही स्वतःकडे ठेवली असं धरलं जातं. मग ५० रुपयांचं नुकसान झालं तर ५० नव्हे, ३० मिळतात. एका कुटुंबानं स्वयंपाकघर नवं केलं होतं, महागडं सामान आणलं होतं आणि विमा रक्कम घर घेतलं त्या वर्षीचीच होती. हप्ता एकदाही चुकला नव्हता. मला तो हिशोब त्यांच्यासमोर बसून मांडावा लागला. ती दुपार मी विसरलो नाही.

नंतर बघा की भरपाई नव्या वस्तूच्या किमतीनं मिळणार की घसारा, म्हणजे वापरानं कमी झालेली किंमत, वजा करून. आठ वर्षं वापरलेल्या फ्रिजच्या बाबतीत या दोन आकड्यांत प्रचंड फरक पडतो. दागिने, रोख रक्कम, लॅपटॉप यांना बहुतेक वेळा वेगळी, छोटी मर्यादा असते. शॉर्ट सर्किट ज्या उपकरणात झालं त्याचं नुकसान काही पॉलिसी देत नाहीत, त्यातून पसरलेल्या आगीचं मात्र देतात. घर राहण्यासारखं नसेल तेव्हाचं भाडं मिळतं का ते वाचा. घर किती दिवस सलग बंद राहिलं तर संरक्षण कमी होतं, ते कलमही शोधा, लांबच्या प्रवासाला जाणाऱ्यांना ते नडतं.

गाडीच्या पॉलिसीत पहिला प्रश्न एकच: ती फक्त समोरच्याच्या नुकसानीची आहे की तुमच्या गाडीचीही? फक्त थर्ड पार्टी असेल तर चोरीचं काहीच मिळत नाही. कर्ज असेल तर आज बाकी किती आहे आणि चोरी झाल्यास गाडीची किती किंमत मिळेल, हे दोन आकडे शेजारी मांडा. कर्ज जास्त निघालं तर गाडी जाऊनही हप्ते उरतील, आणि त्या फरकासाठी वेगळं संरक्षण मिळतं. गाडीत ठेवलेली बॅग किंवा लॅपटॉप सहसा गाडीच्या विम्यात येत नाही. नंतर बसवलेल्या वस्तू कळवलेल्या नसतील तर त्याही नाहीत. चोरीच्या क्लेममध्ये कंपनी सगळ्या मूळ चाव्या मागते, म्हणून दुसरी चावी कुठे आहे हे आजच शोधून ठेवा. हरवली असेल तर आताच कंपनीला कळवा.

त्याच संध्याकाळी फोन घेऊन प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा. कपाटं उघडा, उपकरणांच्या मागचा मॉडेल क्रमांक दाखवा, काय केव्हा घेतलं ते बोलत जा. बिलांचे फोटो काढा आणि हे सगळं घराबाहेर, क्लाउडवर किंवा विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. जळालेल्या घरात लोकांना स्वतःच्या कपाटात काय होतं ते आठवत नाही. मी समोर कागद घेऊन बसलेलो असायचो आणि ती माणसं गप्प व्हायची.

आता तुमची वरची खोली. भाडेकरू येण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि त्यांचं उत्तरही लेखीच घ्या. घराचा वापर बदलला आणि कळवला नाही, तर क्लेम अडतो. भाडेकरूच्या सामानाला तुमच्या पॉलिसीचं संरक्षण नसतं, हे त्याला आधीच सांगा म्हणजे तो स्वतःचा विमा घेईल. त्या खोलीत धुराचा अलार्म लावा, तो खालच्या अलार्मशी जोडलेला असेल तर उत्तम, कारण खाली आग लागली तरी वर झोपलेल्याला तो जागं करेल. आणि त्या खोलीतून बाहेर पडायची दुसरी वाट आहे का ते एकदा दिवे बंद करून, स्वतः चालून बघा.